चौथ्या गाण्यातली बासरी

शमू,

गेल्या वर्षीचे म्हणून आपण जे पाच अल्बम निवडले, त्यांतला एकही मी ऐकलेला नव्हता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, दुकानात नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या तुला तर नाहीच.

अगदीच कानावर पडले नाहीत असं नाही. प्रत्येकाचं पहिलं गाणं लावून पाहिलं. मिनिटभर ऐकायचो आणि गिऱ्हाईक आलं की बंद करायचो. गिऱ्हाईक नसलं तरी बंद करायचो. मग त्या अल्बमबद्दल लोकांनी इंटरनेटवर काय लिहिलंय ते वाचायचं, त्यातली दोन-तीन वाक्यं आपल्या भाषेत फिरवून घ्यायची, वर एखादी शिवी पेरायची म्हणजे ती माझी वाटतील, आणि तुला पाठवून द्यायची. तुझं उलट उत्तर यायचं आणि आपलं भांडण सुरू. वर्षभर हे असं चाललं.

पण मी नुसता कबुली द्यायला बसलेलो नाही. मी तुझ्यावर चिडलोय. तू गेलास त्याचं दुःख आहे, ते त्याच्या जागी आहे. राग वेगळा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू स्वतः आयुष्यभर गेलेल्या संगीतकारांना शिव्या घालत आलास. तेव्हा तुला चालेल.

आपली ओळखच भांडणातून झाली. केडगावला पुणे रस्त्यावर माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. गावाकडे, सोनईच्या घरी, त्यावरून बोभाटा झालेला. "ऊस सोडून गानी इकायला निघालाय," असं थोरले बंधू पारावर बसून सांगत होते. तू नगरला शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागला होतास आणि चर्चच्या क्वायरची पेटी सांभाळत होतास. हातात कोरी कॅसेट घेऊन आलास. तेव्हाची रीत अशी होती की लोक याच्यातलं एक, त्याच्यातली दोन अशी निवडक गाणी सांगायचे आणि आम्ही ती भरून द्यायचो. तू म्हणालास, "सबंध अल्बम भरा. मधलं एकही गाळायचं नाही."

मी हो म्हटलं. पण तो अल्बम तुझ्या कॅसेटमध्ये मावत नव्हता. अशा वेळी आम्ही सगळेच दुकानदार एकच करायचो: जे गाणं कुणी मागत नाही ते गुपचूप गाळून टाकायचो. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मी पाचवं गाळलं. दुसऱ्या दिवशी तू पायरीवर उभा.

"पाचवं कुठंय?"

"सर, ते कुणी ऐकत नाही."

"मी ऐकतो."

"अहो, चालसुद्धा धड नाही त्याला."

"मग? सहावं एवढं गोड का लागतं? पाचवं कडू आहे म्हणून. तुम्ही माझं सहावंही बिघडवलंत."

मला वाटलं, माणूस येडा आहे. पण मोठी कॅसेट काढली आणि सगळं पुन्हा भरलं. भरता भरता पहिल्यांदाच ते पाचवं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. वाईटच होतं. तसं तुला सांगितलं तर तू असा खूश झालास की जणू मी तुझी तारीफ केली. "हां," म्हणालास, "आता तुम्ही ऐकलंत."

त्या वर्षी नाताळच्या फराळाला घरी बोलावलंस. करंज्या, नानकटाई, रूथवहिनींचे साखरेत लोळवलेले डोनट. खाता खाता विचारलंस, "या वर्षातले तुमचे पाच अल्बम कोणते?" मी पाच सांगितले, तू पाच सांगितलेस, एकही जुळेना. तिथून आपली बैठक सुरू झाली. नाताळ आणि एकतीस डिसेंबर यांच्या मधली एक दुपार आपली. अहो-जाहोचं अरे-तुरे त्याच दुपारी झालं, बहुधा तिसऱ्या डोनटनंतर.

नियम सगळे तुझे. पूर्ण ऐकल्याशिवाय अल्बमबद्दल तोंड उघडायचं नाही. त्याच्या छापील नावाने हाक मारायची नाही, आपण ठेवलेलं नाव घ्यायचं. आणि पाच ठरले की पहिला आलेला अल्बम तिथेच, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत लावायचा. तो चालू असताना उठायचं नाही, पाणी मागायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. रूथवहिनी दारातून डोकावून म्हणायच्या, "उपासनेत एवढे गप्प बसाल तर पाळकसाहेब दोघांनाही हार घालतील." मला चर्चशी काय घेणं? पण त्या मला तुझ्याबरोबरच धरायच्या.

कॅसेट गेल्या, सीडी आल्या. सीडी गेल्या, मेमरी कार्डं आली. मग तीही गेली आणि सगळी गाणी कुठेतरी हवेत जाऊन बसली. दुकानात मी मोबाईलची कव्हरं आणि चार्जर टांगले. बैठक मात्र एकदाही चुकली नाही. माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध आणि बैठक एकाच दिवशी आली तेव्हा मी सोनईहून जेवून थेट तुझ्याकडे आलो होतो. भावाने विचारलं, "एवडं काय हाय तिथं?" मी म्हटलं, "मीटिंग हाय." त्याला वाटलं धंद्याची असेल.

मग मी ऐकायचं का थांबवलं?

मला कंटाळा आला होता. गाण्याचा थोडा आला होता. दिवसभर दुकानात लोक स्पीकर तपासतात, गाण्यांचे तुकडे वाजत असतात, संध्याकाळी कानांना काही नको होतं. पण खरा कंटाळा तुझा आला होता, शमू. आता लिहितोय तर लिहूनच टाकतो. सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आत तुझा मेसेज यायचा. "तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर काय होतं, लक्षात आलं का?" तुझं विचारणं मित्राचं राहिलं नव्हतं, ती उलटतपासणी झाली होती. पन्नाशी ओलांडल्यावरही मला तुझ्यासमोर गृहपाठ दाखवावा लागत होता. चुकलं की तू समजावून सांगायचास, आणि तुझं ते समजावणं चुकीपेक्षा वाईट असायचं.

आणि ती झबल्यांची गोष्ट. एका शनिवारी तू दुकानात आला होतास, चार गिऱ्हाइकं उभी होती. कव्हरांच्या भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणालास, "दत्ताशेठ, पूर्वी गाणी विकायचास. आता फोनची झबली विकतोस होय?" सगळे हसले. मीही हसलो. एक बाई तर कव्हर घेताना म्हणाली, "द्या मग ते निळं झबलं." तू खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारलीस. त्या झबल्यांवर माझ्या पोरीचं लग्न झालं होतं, आणि तू त्या लग्नात पेटी वाजवली होतीस. त्या दिवशी मी मनात ठरवलं की याला आता काही खरं सांगायचं नाही.

सरळ भांडलो असतो तर मिटलं असतं. तोंडावर म्हणायला हवं होतं, शमू, लागलं मला. ते जमलं नाही. आमच्या घरात कुणालाच ते जमत नाही, आम्ही गप्प बसून सूड घेतो. मी तुझे अल्बम न ऐकून सूड घेतला.

आता ते पाच. तू नसलास तरी नावं तरी नीट घेतो. 'दोन बहिणी', दोघी बहिणींनी नुसत्या एका गिटारवर आणि मडक्याच्या ठेक्यावर गायलेला. 'ट्रॅक्टर', पोरांचा दणदणाट, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजतो तसला. 'पितळ', लग्नाच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या कर्णेवाल्याने एकट्याने काढलेला. 'वकील', गझलांचा, ज्यातला गायक प्रत्येक शब्द कोर्टात पुरावा मांडल्यासारखा म्हणतो. आणि 'वाफ', ज्यात शब्दच नाहीत, नुसते लांबलचक सूर येतात आणि विरतात. नावं तू ठेवलीस. मी म्हटलं होतं, गेल्या कित्येक वर्षांत एवढी चपखल नावं तुला सुचली नव्हती. निदान हे तरी मनापासून म्हटलं होतं.

वर्षभरात तूही बदलला होतास, पण मला ते सोयीचं होतं. शनिवारी दुकानात येणं बंद केलंस. म्हणालास, गुडघा दुखतो. मी म्हटलं, आराम कर, आणि मनात म्हटलं, सुटलो. फोन केला तर म्हणायचास, "बोलू नकोस, लिही. तुझ्या दुकानात फार कालवा असतो." लिहिणं मला सोपं होतं, आयती वाक्यं समोरच असायची. क्वायरची पेटी सोडलीस. म्हणालास, नव्या पोरांना संधी द्यायला पाहिजे. तुझ्यासारखा माणूस, जो ताटातला पापड कुणाला देत नाही, तो पेटी सोडतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही! मी विचार केला नाही, कारण विचार केला असता तर तुझ्या घरी यावं लागलं असतं.

दिवाळीच्या सुमाराला तू लिहिलंस, "'दोन बहिणी'च्या चौथ्या गाण्यातली बासरी कशी वाटली?"

मी लिहिलं, "जास्त झाली. दोघींचे आवाज एवढे उघडे आणि त्यात ही बासरी म्हणजे भाकरीवर केक."

 तू नुसतं लिहिलंस, "असं म्हणतोस?"

मग डिसेंबरातली बैठक. नगरची थंडी, तू डोक्याला कानटोपी घालून बसला होतास. मी म्हणालो, "घरातसुद्धा? म्हातारा झालास, मास्तर." तू म्हणालास, "डोक्यात हवा शिरते. तुझ्या डोक्यात शिरली तशी शिरू नये म्हणून." पहिल्याच वाक्याला टोला. मी मनात हुश्श केलं, म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

मग मी बोललो. वर्षभर वाचलेलं सगळं बोललो. 'ट्रॅक्टर'मध्ये राग आहे पण कुणावर त्याचा पत्ता नाही, असं म्हणालो. ते वाक्य कुठल्या तरी परक्या माणसाचं होतं. 'दोन बहिणी' पहिला ठेवायचा तू हट्ट धरलास, मी म्हणालो, त्या बासरीसकट ठेवणार असशील तर नाही. त्या बासरीवर मी भाषणच दिलं. ती कुठे शिरते, कुठे रेंगाळते, आवाजांच्या मध्ये कशी तडमडते, हातवारे करून दाखवलं. तू माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होतास. मला वाटलं, याला पटतंय. मधूनच कुठून तरी बारीक शिट्टी वाजायची. मी विचारलं, "कसला आवाज रे हा?" तू काही बोलायच्या आत रूथवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "फ्रीज जुना झालाय, दत्ताभाऊ."

शेवटी तू म्हणालास, "ठीक आहे. बासरीसकट पहिला." मीही मान्य केलं.

आता तो अल्बम लावायची वेळ. तो पूर्ण ऐकायचा म्हणजे माझं बिंग फुटणार. मी उठलो. म्हणालो, "शमू, आज जरा घाई आहे. घरी पाहुणे येणार आहेत." इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. एकदा मला ताप होता तरी तू पांघरूण दिलं होतंस, पण उठू दिलं नव्हतंस. त्या दिवशी तू पटकन म्हणालास, "जा, जा. पाहुणे महत्त्वाचे." तुझ्या तोंडावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं. मी ते पाहिलं, शमू. पाहिलं आणि चपला घातल्या.

घरी पाहुणे नव्हते.

त्यानंतर तुझी माझी भेट झाली नाही. मेसेज चालू होते. या वर्षाचे दोन-तीन अल्बम तू सुचवले होतेस, मी त्यांवरही वाचायला सुरुवात केली होती. मग एका सकाळी रूथवहिनींचा फोन.

तुला माती द्यायला आलो तेव्हा ऊन चढलं होतं. क्वायरची पोरं गात होती, मी भिंतीच्या सावलीला उभा होतो. शेजारी तुमचा तबलजी योहान येऊन थांबला. डोळे पुसत म्हणाला, "आता तिकडं तरी सरांना गानं नीट ऐकू यील."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"लई हाल झाले ना कानाचे. बोललेलं मशीन लावून जरा तरी कळायचं. पन पेटी वाजली की म्हनायचे, योहान, पत्र्यावर खडी ओतल्यागत वाटतंय रे. एक सूर दुसऱ्यापासनं येगळा न्हाई लागत. म्हनून तर पेटी सोडली."

"कधीपासून?"

"वरीस-दीड वरीस झालं असंल. पास्टरांनी दर रविवारी प्रार्थनेत नाव घेतलं. सगळ्या मंडळीला ठावं हुतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तुमाला न्हाई व्हय सांगितलं? ... आयला. तुमालाच सांगू नका म्हनले हुते. इसरलोच मी."

मी मूठभर माती टाकली. खाली वाकलो तेव्हा मनात प्रार्थना वगैरे काही नव्हती. मनात एवढंच होतं की अख्ख्या चर्चने वर्षभर तुझ्या कानांसाठी देवाला साकडं घातलं, बाजूच्या बाकावरच्या अनोळखी बायांनीसुद्धा हात जोडले, आणि मी, ज्याच्याशी तू फक्त कानांनी जोडलेला होतास, मी तेवढा बाहेर. पत्र्यावर खडी! 'दोन बहिणी' ऐकून तू मला लिहिलं होतंस, "यातली धाकटी रडता रडता हसते, आणि थोरलीला ते आवडत नाही." मी त्यावर तुला म्हातारपणी कवी झालास म्हणून चिडवलं होतं. हे लिहिणाऱ्या माणसाला एक सूर दुसऱ्यापासून वेगळा लागत नव्हता. मग हे लिहिलं कुणी?

काही दिवस जाऊ दिले आणि दुपारचा तुझ्या घरी गेलो. खरं सांगतो, सांत्वनाला म्हणून गेलो नव्हतो. जाब विचारायला गेलो होतो. तुझी कानटोपी दारामागच्या खुंटीला तशीच होती. रूथवहिनींनी चहा ठेवला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "योहान सांगून गेला मला. रागावू नका."

"वहिनी, मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणायचे, दत्ता आणि माझ्यामध्ये दुसरं काय आहे? तो सोनईच्या पाटलांचा, मी मिशनच्या शाळेतला मास्तर. तो कधी देवळाबद्दल बोलत नाही, मी चर्चबद्दल बोलत नाही. ऐकणं गेलं असं कळलं तर तो सहानुभूतीला चार वेळा येईल, सफरचंदं आणील, आणि मग यायचा बंद होईल."

सफरचंदं. मी खरंच आणली असती.

"मग अल्बम?"

त्या जराशा लाजल्या. "मी ऐकायचे. पोळ्या करताना कानात घालायचे आणि मग त्यांना सांगायचे. हे गाणं थंड आहे, यात मुलगी रडता रडता हसते, असं. ते म्हणायचे, अजून सांग, मग काय होतं. मला कुठे तुमच्यासारखे शब्द येतात? पण ते लिहून घ्यायचे."

"आणि नावं?"

"'वाफ' कुकर लावताना ऐकला ना, म्हणून. 'वकील' मात्र असाच सुचला."

शमू, वर्षभर मी ज्याच्याशी भांडलो तो तू नव्हतास. तीस वर्षं दारातून डोकावून आपली टर उडवणारी बाई त्या वर्षाचे पाचही अल्बम सबंध ऐकत होती. आपल्या तिघांत तिनेच काय ते ऐकले. आणि तिच्या मतांवर मी इंटरनेटवरच्या परक्या माणसांची मतं फेकत होतो. दोन्हीकडे दुसऱ्याचेच कान. तुझ्या त्या कानटोपीखालचं मशीन शिट्टी मारत होतं आणि वहिनी फ्रीजला दोष देत होत्या. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी म्हणालो, "त्याने वर्षभर मला बनवलं, वहिनी."

त्यांनी कप खाली ठेवला.  मग म्हणाल्या, "दत्ताभाऊ, त्या अल्बमात बासरी नाही."

"कुठल्या?"

"'दोन बहिणी'. कुठल्याच गाण्यात नाही. त्यांना संशय आला होता की तुम्ही ऐकत नाही. म्हणायचे, याची भाषा याची वाटत नाही. मग मुद्दाम बासरीचं लिहिलं. तुमचं उत्तर आलं ते मला वाचून दाखवलं, भाकरीवर केक. इतके हसले, इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग चष्मा काढून बसून राहिले."

"काही बोलला?"

"मी म्हटलं, सरळ विचारा ना त्यांना. तर म्हणाले, कुठल्या तोंडाने विचारू? आणि म्हणाले, असू दे. भांडायला तरी येतो."

म्हणजे त्या बैठकीत तुला माहीत होतं. मी नसलेल्या बासरीवर हातवारे करत होतो, आणि तू माझे ओठ वाचत, मान हलवत बसला होतास. कॉपी करणाऱ्या पोराला पकडतात तसं तू मला पकडलंस, आणि मग पकडलं हे सांगितलंही नाहीस. तू मला रंगेहाथ धरून शिव्या दिल्या असत्यास तर मीही दिल्या असत्या, झबल्यांचं बाहेर आलं असतं, तुझ्या कानांचं बाहेर आलं असतं. दोघांनी मिळून डोनट खाल्ले असते. तू ती दुपार आपल्याला मिळू दिली नाहीस. मीही दिली नाही, हे मला कळतं. पण तुला माझं खोटं माहीत होतं आणि मला तुझं माहीत नव्हतं, एवढा फरक राहतोच. तेवढ्यापुरता मी तुझ्यावर रागावलेला राहणार आहे.

निघताना रूथवहिनी म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दुकानाच्या धबडग्यात तुम्हाला ऐकायला वेळ कुठून मिळणार? मी त्यांनाही हेच सांगायचे."

मी म्हणालो, "हो ना, वहिनी. दुकानच तसं आहे."

बघ. तुझ्या घराच्या उंबऱ्यावर, तू जाऊन पंधरवडा व्हायच्या आत, मी आणखी एक खोटं बोललो. आणि त्या बाईने तेही घेतलं, वर डब्यात नानकटाई घालून दिली.

परवा दुकान बंद ठेवलं. शटर अर्धं ओढलं, फोन त्या टेस्टिंगच्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि 'दोन बहिणी' लावला. पहिल्यापासून. मधे दोनदा कुणीतरी शटर वाजवलं, उठलो नाही. चौथं गाणं आलं. मडक्याचा ठेका, धाकटीचा आवाज, मग थोरलीचा, आणि मध्ये एवढी मोकळी जागा की बासरी असती तर खरंच तडमडली असती. म्हणजे माझं मत बरोबर होतं, फक्त गाणं दुसरं हवं होतं. तुझ्यामुळे मला एकदा पाचवं वाईट गाणं ऐकावं लागलं होतं, त्यानंतर माझा कॅसेटचा धंदा आणि निम्मं आयुष्य त्या सबंध ऐकण्यावर उभं राहिलं. ते तुझे उपकार आहेत आणि ते मी रागातसुद्धा नाकारत नाही.

अल्बम संपला तेव्हा माझं खरंखुरं मत तयार झालं होतं. सातवं आणि आठवं एकाच चालीची आहेत, त्यांतलं एक नको होतं. धाकटी रडता रडता हसते हे खरं, पण थोरलीला ते आवडत नाही हे मला पटत नाही. तिला त्याची सवय झालेली आहे. आणि हा पहिल्या नंबरचा अल्बम नाही. फार तर दुसरा. रूथवहिनींचं चुकलं. मी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि निम्मं वाक्य लिहून झाल्यावर थांबलो.

'ट्रॅक्टर', 'पितळ', 'वकील' आणि 'वाफ' हे चार मला अजून सबंध ऐकायचे आहेत. आणि रूथवहिनींच्या समोर बसून, दुकानाची सबब न सांगता, मला गाण्याचा नाही, तुझा कंटाळा आला होता हे सांगायचं आहे. त्यांनी ऐकून घेतलंच, तर मग त्यांचा पहिला नंबर का चुकला तेही. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.

दत्ता